मदत हवी आहे: बीबीए करताना पगारी टेक फेलोशिप किंवा असिस्टंटशिप

नमस्कार मंडळी. मी नांदेडला बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक्सेल बऱ्यापैकी येतं (पिव्होट टेबल, एक्सलूकअप), टॅली येतं, पॉवर बीआय (डेटाचे आलेख-रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) शिकतोय. कोडिंग मात्र जेमतेम.

पीएम इंटर्नशिप योजना बघून झाली. मी बघितलं तेव्हा वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिकणारा नको अशा अटी होत्या, त्यामुळं दोन्हीकडून बाद. मुख्यमंत्री फेलोशिपला पदवी आणि अनुभव दोन्ही लागतात. 'कमवा आणि शिका'मधून ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळतंय. काम वाईट नाही, पण मला कॉम्प्युटरवरचं हवंय. एका ठिकाणाहून निवडीचं पत्र आलं, खाली बारीक अक्षरात 'अडीच हजार रुपये अनामत'. तिथं रामराम ठोकला.

हजेरी ७५ टक्के लागते, म्हणून दुपारी दोननंतरच जमेल. पुणे-मुंबईला जाऊन राहणं परवडणारं नाही. ऑनलाइन किंवा नांदेड-परभणी-लातूर चालेल. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, पॉवर बीआय उघडलं की चहा पिऊन यावं लागतं. सर्टिफिकेटवाली बिनपगारी इंटर्नशिप कृपया सुचवू नका, दोन करून झाल्यात.

इंजिनिअरिंग नसलेल्यांना कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा एखाद्या प्राध्यापकांच्या प्रकल्पात डेटाचं मानधनी काम कुणाला मिळालंय का? अर्ज नेमका कुणाकडं केला, प्राचार्यांकडं की विभागप्रमुखांकडं? आणि असं मानधन घेतलं तर महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती अडते का?