चौथीच्या मुलांची बोधकथा : तात्पर्य चिकटवल्यासारखं वाटतं, काय करावं?

पंचवटी_शाळा : मुलं जंगल घेतात, प्राणी घेतात आणि गोष्ट अर्धी सोडून ‘तात्पर्य : खोटे बोलू नये’ लिहून मोकळी होतात. हाताशी एकच तास आहे. सुरुवात कुठून करू?

मखमलाबादकर : मॅडम, तात्पर्याची ओळ आधी लिहूच देऊ नका. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ घ्या, आपल्याकडच्या पोरांना द्राक्षाचा मांडव पाठ असतो. फळ्यावर चार प्रश्न लिहा : कोणाला काय हवंय? आड काय येतं? तो काय करतो? शेवटी काय बदलतं? कोल्हा उड्या मारतो, घड तिथंच राहतो, बदलतं फक्त त्याचं बोलणं. बोध तिथंच आहे.

मेख एकच. द्राक्षं गोड आहेत हे वाचणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. मुलं ‘हिरवी द्राक्षं’ लिहितात, मग कोल्हा खरंच बोलतोय, संपली गोष्ट! बरं, आपली थॉमसन जातीची द्राक्षं पिकली तरी हिरवटच, म्हणजे रंगावर भागत नाही. ‘मण्यांत पाणी उतरलं होतं, घडाभोवती माश्या घोंघावत होत्या’ असं एक वाक्य हवं.

जुनी_पोथी : एका गोष्टीला एकच बोध, हा हट्ट मात्र नको. पंचतंत्रातल्या माकड-मगरीत मुलं माकडाची हुशारी बघतात. पण ती गोष्ट ‘लब्धप्रणाश’ या तंत्रात, म्हणजे भागात आहे, नावाचा अर्थ मिळालेलं हातचं जाणं. तिथं नजर मगरीच्या चुकीवर. म्हणून ‘काय शिकलात?’ऐवजी ‘चूक कोणाची, कुठल्या क्षणी?’ विचारा.

क्रमही सांभाळायला लावा. मुंगसाच्या गोष्टीत आईला आधी त्याचं रक्ताळलेलं तोंड दिसतं, ती त्याला मारते, पाळणा आणि मेलेला साप नंतर दिसतो. हे उलटं केलं तर मुंगूस वाचतं आणि गोष्ट उरत नाही.

गोदाकाठ : दोनच पात्रं, एकच प्रसंग, शंभर-सव्वाशे शब्द. ऐनवेळी पाऊस किंवा शिकारी आणून सोडवणूक करू देऊ नका, केल्याचं फळ पात्रालाच मिळू दे. मग वह्या बदलून वाचायला लावा. शेजाऱ्याला बोध सांगता आला नाही तर तिसऱ्या प्रश्नाकडे परत.

पंचवटी_शाळा : कोल्ह्याऐवजी बिबट्या चालेल? मुलं तोच मागतात.

मखमलाबादकर : चालेल की. फक्त कोल्हा म्हटलं की लबाड, हे सांगावं लागत नाही. बिबट्याचा स्वभाव असा ठरलेला नाही, त्याच्यासाठी एक वाक्य जास्त खर्चा.