टोकियोतलं वाटून घेतलेलं सुवर्ण: समजूतदारपणा की नुरा कुस्ती?

गंगावेसकर (धागा सुरू)
काल रात्री चहाच्या गाड्यावर वाद पेटला, बिलं देऊन झाली तरी मिटला नाही. म्हणून इथं टाकतोय.

कतारचा उंच उडीवाला मुताझ बरशिम. २०१४ ला ब्रुसेल्समध्ये २.४३ मीटर उडाला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाऊन गोलपोस्टची आडवी दांडी बघा, ती २.४४ वर असते. म्हणजे बोटभरच कमी! २०१७, २०१९, २०२२ असा तीनदा जगज्जेता. माणूस नाद खुळा, त्यात वाद नाही.

पण त्याचं ऑलिम्पिक सुवर्ण मला पटत नाही. १ ऑगस्ट २०२१, टोकियो. बरशिम आणि इटलीचा ताम्बेरी, दोघांनी २.३७ पर्यंत एकदाही दांडी पाडली नाही. २.३९ ला दोघंही तिन्ही वेळा चुकले. पंच जंप-ऑफचं, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा उड्यांचं, सांगायला आला, तर बरशिमनं विचारलं, दोघांना सुवर्ण मिळेल का? नियमात बसतंय म्हटल्यावर ताम्बेरीनं त्याच्या अंगावर उडीच घेतली. जगभर कौतुक. खासबागेत दोन पैलवानांनी आखाड्यातच हात मिळवून गदा वाटून घेतली असती तर? लोकांनी चपला भिरकावल्या असत्या.

पीटी मास्तर (निवृत्त)
गंगावेसकर, नुरा कुस्ती म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. नुरात सगळं आधी ठरलेलं असतं, तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवायचं असतं. इथं दोघं पार २.३९ पर्यंत जीव तोडून उडाले. बेलारूसचा नेदासेकाऊही २.३७ उडाला होता, पण वाटेत चुकला होता म्हणून कांस्यावर गेला. म्हणजे निकाल लावणारी चाळणी होतीच. तिच्यातून दोघं सारखेच खाली आले.

आणि घोट्याचं कोण बोलणार? उंच उडीत वक्राकार धाव घेऊन सगळं अंग एका पायावर वर फेकायचं असतं. ताम्बेरीचा घोटा २०१६ ला मोनाकोत गेला, रिओ हुकलं. त्या पायाचं प्लास्टर त्यानं जपून ठेवलं आणि टोकियोला मैदानात आणलं. बरशिमचा घोटा २०१८ ला हंगेरीत गेला, तोही २.४६ चा विश्वविक्रम करायला जाताना. असे दोन पाय कुठवर ताणायचे? मी पोरांना तीस वर्षं उड्या शिकवल्या. थकलेल्या पायावरची शेवटची उडी मला बघवत नाही.

गंगावेसकर
मास्तर, मान राखून सांगतो, दुखापत हा युक्तिवाद नव्हे. पायाची भीती असेल तर माघार घ्या, रौप्य घ्या.

टायब्रेकर_शिवाजीपेठ
मी गंगावेसकरांच्या बाजूनं. आमच्या फुटबॉलात नव्वद मिनिटं बरोबरीत गेली तर टायब्रेकर होतो की नाही? पेनल्टी हुकलेला पोरगा आठ दिवस पेठेत तोंड दाखवत नाही, तरी कुणी म्हणतं का की चषक दोन्ही संघांना द्या? पॅरिसला २०२४ मध्ये बघा. न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन दोघंही २.३६ पार करून बरोबरीत अडले. वाटून घ्यायची सोय होती, तरी उडायचं ठरवलं. केर जिंकला. त्याला म्हणतात निकाली कुस्ती.

पीटी मास्तर (निवृत्त)
पॅरिसचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. जंप-ऑफमध्ये एकेकच संधी असते, दोघं चुकले की दांडी खाली येते. ती येत येत २.३४ ला आली, तिथं केर उडाला, मॅकइवेन पडला. म्हणजे दोघांनी आधीच पार केलेल्या २.३६ पेक्षा कमी उंचीवर सुवर्ण ठरलं! कांस्य घेतलेला बरशिमही त्या दिवशी २.३४ च उडाला होता. यात जास्त उंच कोण ते कळलं, की कमी दमलेलं कोण ते?

गंगावेसकर
दम हासुद्धा गुणच आहे, मास्तर. शेवटच्या मिनिटाला ज्याचा श्वास टिकतो त्याच्याच पाठीवर वस्तादाची थाप पडते.

उलटी_उडी
मी शाळेत असताना जिल्हास्तरापर्यंत उडी मारलीय, म्हणून मधे तोंड घालते. एका स्पर्धेत मी आणि दुसऱ्या शाळेची एक मुलगी सारख्याच उंचीवर थांबलो. चुकाही सारख्या. ऊन उतरलेलं, मॅट दोन ठिकाणी फाटलेली, दांडीचं एक टोक सुतळीनं बांधलेलं. आम्ही दोघी स्पाइक्स न काढता उभ्या, एकेक उडी द्या म्हणून. पंचांना घरी जायची घाई. त्यांनी पेनच्या टोपणात दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि एक काढली. माझं नाव नाही निघालं.

त्यामुळे मला टोकियो खुपत नाही आणि पॅरिसही खुपत नाही. दोन्हीकडे उडणाऱ्यांनी ठरवलं. आणि बरशिमवर शंका असेल तर २०२२ चं यूजीन बघा, तिथं तो परत २.३७ उडाला आणि एकटाच वर उभा राहिला.

ती मुलगी मागच्या महिन्यात रंकाळ्यावर भेटली, पोराला सायकल शिकवत होती. मी म्हटलं, त्या दिवशी उडलो असतो तर मीच जिंकले असते. ती म्हणाली, "जा गं, तुझा टेकऑफ तेव्हा दांडीच्या फार जवळ पडत होता."

गंगावेसकर
ताई, दोघींना घेऊन या. दांडी मी धरतो, पंच मास्तर.

पीटी मास्तर (निवृत्त)
मॅट चांगली असेल तरच.