मदत हवी आहे: हाफ मॅरेथॉनच्या सरावात 'लेग डे' नेमका कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी,

वय 43, वजन 72 किलो, राहणार सिडको, नाशिक. नोकरी अंबड एमआयडीसीत, तिन्ही पाळ्यांची. जानेवारीत मुंबईची हाफ 2 तास 10 मिनिटांच्या आत करायची आहे. सध्या 10 किमीला तासभर लागतो, त्यामुळे हे अगदीच हवेतलं गणित नाही.

मंगळवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर इंटर्व्हल (थोडं वेगात, थोडं सावकाश, असं आलटून पालटून पळणं), गुरुवारी रमतगमत 6-7 किमी, रविवारी लाँग रन, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि तिथून पुढे. अधूनमधून पांडवलेणीच्या पायऱ्या, त्याही पावसाळा सरल्यावरच. ओल्या पायऱ्यांवर पळण्याची हौस मला नाही.

घोडं अडलंय जिममध्ये. ट्रेनरने पायांचा व्यायाम शुक्रवारी ठेवलाय: स्क्वॉट, लंज, डेडलिफ्ट, सगळं एकाच दिवशी. त्याचं म्हणणं, मध्ये अख्खा शनिवार मिळतो की. पण रविवारी परतीच्या वाटेवर मांड्या इतक्या भरून येतात की टपरीसमोरचा फुटपाथ चढायला गुडघ्यावर हात टेकावा लागतो.

आमच्या ग्रुपचा सल्ला: जिम सोड, नुसता पळ. लगेच कविता राऊतचा दाखला, सावरपाड्याच्या डोंगरात ती काय जिमला जायची? अहो, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणणाऱ्या मुलीशी माझ्या पोटाची बरोबरी कशाला? चाळिशीनंतर स्नायू घटत जातात, तेव्हा ताकदीचा व्यायाम मी सोडणार नाही. तो कधी करायचा, एवढंच विचारतोय.

शिवाय सकाळी उठल्यावर डाव्या टाचेमागची जाड शीर आखडलेली असते. दहा-बारा पावलं लंगडतो, मग सुटते. आणि आईसाठी शनिवारचा उपास धरतो. रात्री साबुदाण्याची खिचडी खाऊन पहाटे लाँग रन करणं चुकीचं आहे का? रात्रपाळीच्या आठवड्यात काय करावं हेही कुणी सांगा.

'शूज बदला' एवढंच कृपया लिहू नका, नवीन आहेत.

प्रतिसाद 1

दादा, शुक्रवार आधी हलवा. जड व्यायामानंतरचं अंगदुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं, म्हणजे तुमचा रविवार बरोब्बर त्यात सापडतो. इंटर्व्हल मंगळवारी सकाळी असतील तर पायांचा व्यायाम त्याच संध्याकाळी करा. कष्टाचा दिवस पूर्ण कष्टाचा, बुधवार मोकळा. ट्रेनर कुरकुर करेल, कारण त्यांचं वेळापत्रक अंग फुगवणाऱ्यांसाठी असतं. त्याला सांगा, सेट कमी, वजन जरा जास्त, पाय थरथरेपर्यंत नको.

खिचडीचं काही बिघडत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, लाँग रनच्या आदल्या रात्री तेच हवं असतं. तूप आणि मिरची मात्र बेताने, नाहीतर सोमेश्वरच्या आधीच आडोसा शोधावा लागेल! 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण खिचडीत पडतं मूठभर कूट. त्यामुळे रविवारी परतल्यावर उसळ, पनीर, दही असं काहीतरी भरपूर खा.

रात्रपाळीच्या आठवड्यात इंटर्व्हल बंद. ड्युटीवरून आलं की आधी झोप, संध्याकाळी हलकं पळणं. झोप कापून केलेला सराव अंगी लागत नाही.

प्रतिसाद 2

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण सकाळचं आखडणं आणि हालचालीने मोकळं होणं हे अकिलीसच्या, म्हणजे टाचेमागच्या त्याच जाड शिरेच्या, तक्रारीत नेहमी दिसतं. पिंढरीचा व्यायाम दोन प्रकारे करा: गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून. दोन्हींत वेगवेगळे स्नायू काम करतात. टाच सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल तर पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडू नका, सपाट जमिनीवर करा. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं वाढलं, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असं समजा. इंटर्व्हल आणि पायऱ्या तूर्त कमी करा. सूज आली किंवा एकदम कळ येऊन टाच उचलताच आली नाही, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ताई, दुखतं ते हाडापाशी नाही, दोन बोटं वर. पायऱ्या या महिन्यापुरत्या बंद करतो.

दादा, एक शंका. दुसऱ्या पाळीत संध्याकाळ मिळतच नाही. मंगळवारी सकाळीच दोन्ही उरकायचं झालं तर आधी काय, पळणं की वजनं?

प्रतिसाद 1

आधी पळणं. थकल्या पायांनी इंटर्व्हल केले की वेगही येत नाही आणि पाऊलही वेडंवाकडं पडतं. मध्ये केळं आणि पाणी घ्या, जमलं तर तासभर थांबा, मग जिम. त्या दिवशी स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट यातलं एकच ठेवा, पिंढरीचा व्यायाम चुकवू नका आणि घरी जा. तीनपर्यंत ड्युटीवर पोचायचंय तुम्हाला.