व्हॅनमधून उतरताना मुलगी चाकाजवळ गेली, काय करावं कळत नाहीये (यावल-फैजपूर भाग)

केळीबाग_यावल

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा, तीन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये आणि घरात बोलले की सगळे म्हणतात झालं ना, वाचली ना, आता सोड.

आम्ही यावल आणि फैजपूरच्या मधल्या एका गावात राहतो. मुलगी दुसरीत आहे, शाळा ९ किमीवर. सकाळी सव्वासातला व्हॅन फाट्यावरून घेते आणि दुपारी पावणेएकला तिथेच सोडते. फाटा म्हणजे सरळ बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच, केळीचे ट्रक, वाळूचे डंपर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या सगळं तिथूनच जातं.

परवा मी नेहमीसारखी घराच्या बाजूला उभी होते आणि व्हॅन पलीकडच्या बाजूला थांबली. दरवाजा मुलंच सरकवतात. ही उतरली आणि हातातली वॉटरबॅग निसटून पुढच्या चाकाकडे गडगडत गेली. ही वाकून घ्यायला गेली आणि तेवढ्यात व्हॅनवाल्या काकांनी गिअर टाकला, त्यांना वाटलं उतरली म्हणजे गेली. माझ्यासमोरून त्याच वेळी ट्रक चालला होता, मला व्हॅनच दिसेना. केळी कापणीवरून परतणाऱ्या दोन-तीन बाया फाट्यावर बसलेल्या होत्या, त्यातली एक उठून व्हॅनच्या पत्र्यावर धाडधाड हात मारायला लागली, थांब रे थांब करून. ट्रक गेल्यावर मी पाहिलं तर गाडी थांबलेली होती, मुलगी चाकापासून हातभर अंतरावर बसलेली होती आणि वॉटरबॅग चाकाखाली चपटी झाली होती. तिला खरचटलंही नाही. ती रडत होती ते वॉटरबॅग फुटली म्हणून.

त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही, इतके हातपाय कापत होते.

आता बाकीचं सांगते. व्हॅनमध्ये १५ मुलं असतात. ड्रायव्हर सीटच्या मागे एक फळी टाकलीय, लहान मुलं त्यावर उलटी बसतात. नंबरप्लेट पांढरी आहे. गॅसवर चालते, टाकी मागच्या सीटखाली आहे. मदतनीस वगैरे कोणी नाही. शाळेत विचारलं तर म्हणे व्हॅन पालकांनी ठरवलेली आहे, आमचा काही संबंध नाही. काका माणूस म्हणून चांगले आहेत, दारू नाही, तंबाखू नाही, मुलांना जीव लावतात, कधी पैसे उशिरा दिले तरी बोलत नाहीत. मिस्टर म्हणतात तक्रार केली तर व्हॅन बंद पडेल आणि गावातल्या ११ घरांच्या शिव्या आपण खाऊ. एसटीची वेळ जमत नाही. मी स्कूटीवर रोज चार फेऱ्या मारू शकत नाही, धाकटा आठ महिन्यांचा आहे.

तक्रार करू का, व्हॅन बदलू का, काय करू? अनुभव असलेल्यांनी सांगा.

लालगाडी_अमळनेर

ताई, मी एसटीत ३१ वर्षे स्टेअरिंगवर होतो, रिटायर होऊन चार वर्षे झाली. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी उठून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, पोर गाडीत बसलेलं असतं तेव्हापेक्षा गाडीच्या खाली उतरलेलं असतं तेव्हा जास्त धोक्यात असतं. लोक अपघात म्हटला की टक्कर, पलटी एवढंच डोळ्यासमोर आणतात. पण गाडीच्या चारी बाजूंनी आठ-दहा फुटांची जी जागा आहे ना तिथे ड्रायव्हरला पोर दिसतच नाही. मी बसच्या सीटवर बसलो की माझ्या बंपरसमोर उभं असलेलं साडेतीन फुटाचं लेकरू मला दिसत नसे, काचेच्या खाली जातं ते. व्हॅनमध्ये थोडं बरं पण वाकलेलं पोर तिथेही दिसत नाही. आरशात मागचं चाक दिसतं, पण डाव्या पुढच्या चाकाजवळ वाकलेलं पोर ना आरशात येतं ना काचेत. तुमच्या काकांची नजर वाईट नाही, ती जागाच आंधळी आहे. म्हणून तिथे खाली उतरलेला माणूस लागतो, त्याला पर्याय नाही. कॅमेरे, जीपीएस, सगळं असू दे, पण खाली उभं राहून पोरं मोजणारं माणूस नसेल तर ते सगळं गेलेल्या गोष्टीचं शूटिंग करतं.

दुसरी गोष्ट जरा कडू लागेल, राग मानू नका. तुम्ही पलीकडे उभ्या होत्या. आई पलीकडे दिसली की पोर रस्ता बघत नाही, आईला बघतं आणि धावतं. माझ्या सर्व्हिसमध्ये दोनदा असं झालं की उतरलेलं पोर बसच्या समोरून पळालं आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला. दोन्ही वेळा देवाने वाचवलं. तेव्हा आधी तुम्हीच अलीकडे या, जिथे दरवाजा उघडतो त्या बाजूला. पलीकडून हाक नको, हात नको. पोराचा हात तुमच्या हातात येईपर्यंत गाडी हलणार नाही असं काकांना सांगून टाका. आणि जमत असेल तर परतीला काकांना पुढून वळसा घालून घराच्या बाजूलाच उतरवायला सांगा, दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

तिसरं, मुलीला आजच शिकवा की गाडीजवळ काहीही पडलं, वॉटरबॅग, डबा, वही, पैसे, काहीही, उचलायचं नाही. सरळ दूर व्हायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. नुसतं सांगू नका, घरासमोर मोटरसायकल उभी करून तिच्यापुढे मुद्दाम काहीतरी पाडा आणि दहा वेळा करून घ्या. पोरं सांगून शिकत नाहीत, करून शिकतात. आणि नवी वॉटरबॅग घ्याल ती गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची नको, तो पट्टा दरवाजात अडकतो, मी पाहिलंय. दफ्तरात मावणारी बाटली घ्या. ओढणी, स्वेटरची दोरी याचंही तेच.

वेगाचं एकच सांगतो, ताशी ४० ला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ड्रायव्हरने मागच्या पोरांना ओरडायला मान वळवली की तेवढी गाडी आंधळी गेली. १५ पोरं मागे गोंधळ घालत असताना एकटा माणूस काय काय बघेल?

दोन_पोरींचा_बाप_धुळे

लालगाडी काका, तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आमच्या पालक ग्रुपवर टाकतोय, चालेल ना.

ताई, शाळा "आमचा संबंध नाही" म्हणते हे चालत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूलबसचे वेगळे नियम आहेत आणि त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावीच लागते, मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधी असतो, पोलीस आणि आरटीओचेही असतात. मुलं कोणत्या गाडीने येतात, गाडीचे आणि ड्रायव्हरचे कागद काय, हे बघणं त्या समितीचं काम आहे. मदतनीस लागतोच आणि मुली असतील तर बाई मदतनीस. आमच्याकडेही आधी असंच उत्तर मिळालं होतं. मग आम्ही १९ पालकांनी सह्या करून एक साधा अर्ज दिला, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात पालक कोण होता एवढंच विचारलं. तक्रार नाही, भांडण नाही. आवक शिक्का मारून पोच घेतली. पंधरा दिवसांत बैठक लागली. एकट्याचा अर्ज फाइलला लागतो हो, १९ सह्यांचा लागत नाही.

दुसरं आत्ता मोबाईलवर करा. एम-परिवहन ॲपमध्ये व्हॅनचा नंबर टाका, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, गाडी कशाखाली नोंदलीय सगळं दिसतं. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने चालवायचीच नसते. उद्या देव न करो काही झालं तर विमा कंपनी सरळ म्हणू शकते की खासगी गाडी भाड्याने वापरली, आम्ही भरपाईला बांधील नाही, मग पालकांनी आणि काकांनीही कोर्टाच्या चकरा मारायच्या. हे काकांना समजावून सांगा, त्यांच्या घरादारावर येणारी गोष्ट आहे ती.

मुलांचा हिशोब असा की १२ वर्षांखालची मुलं सीटच्या दीडपट, त्याच्यावर नाही. व्हॅनला ड्रायव्हर सोडून सहा सीट धरल्या तर नऊ होतात. १५ कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

आणि गॅस. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. काका गॅस पंपावर भरतात की घरगुती सिलिंडरमधून, हे नक्की विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात इच्छादेवी चौकाजवळ ओम्नीत असाच सिलिंडरमधून गॅस भरताना स्फोट झाला, गाडीतली माणसं होरपळली, जीव गेले. तुमच्याच जिल्ह्याच्या गावातली गोष्ट आहे ही, आणि त्यानंतरही लोक तसंच भरतात. मुलं बसलेली असताना गॅस भरायला थांबत असतील तर त्या दिवसापासून मुलीला पाठवू नका, बाकी सगळं नंतर.

सातपुडा_मास्तर

मी अक्कलकुवा भागात शिक्षक आहे. नोव्हेंबर २०२५ ला देवगोई घाटात दिवाळीच्या सुट्टीनंतर आश्रमशाळेत परत निघालेल्या मुलांची बस दरीत गेली, दोन लेकरं गेली, कितीतरी जखमी झाली. आमच्याकडे आई-बाप पोराला गाडीत बसवतात आणि पुढचे तीन महिने त्याचं तोंड बघत नाहीत. ड्रायव्हर कोण, बस किती जुनी, त्यांना विचारायला वावच नसतो. तुम्हाला विचारता येतंय, समोर काका आहेत, शाळा ९ किमीवर आहे. विचारा ताई.

नाना_चोपडा

मी स्वतः व्हॅनवाला. म्हणजे आता बस आहे, पण आठ वर्षे ओम्नी चालवली, पांढऱ्या पाटीची, फळी टाकून, १६ पोरं घेऊन. त्यामुळे तुमच्या काकांच्या बाजूने दोन शब्द लिहितो आणि मग तुमच्या बाजूनेही.

पालक पहिला प्रश्न विचारतात, महिन्याचे किती. मी ९०० म्हटलं की शेजारच्या गावाचा ८०० म्हणतो. पैसे दहा महिन्यांचेच मिळतात, मे महिन्यात गाडी घरासमोर उभी, विमा मात्र बारा महिन्यांचा. नऊच पोरं घेतली तर ८१०० झाले, त्यात गॅस, टायर, मेंटेनन्स, मग घरात काय नेणार. म्हणून फळी येते. फळी हौसेने कोणी टाकत नाही. हे चूकच आहे, मी आज मान्य करतो, पण ती फळी पालकांना रोज दिसते आणि रोज तेच त्यावर पोराला बसवतात.

माझं डोकं कशाने फिरलं ते सांगतो. मार्च महिना, सकाळची शाळा, साडेअकराला सोडून गाडी घरी आणून लावली उन्हात. जेवायला बसलो. बायको पाणी भरायला बाहेर आली तर तिला गाडीत हालचाल दिसली. केजीतलं एक पोर मागच्या सीटखाली झोपलेलं, मला कळलंच नाही. घामाने भिजलेलं, लालबुंद, आवाज फुटत नव्हता. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वीस मिनिटं झाली होती. अजून वीस झाली असती तर मी आज हे लिहायला नसतो.

त्या दिवसापासून बायको माझ्यासोबत येते. तीच दरवाजा उघडते, तीच उतरते, नाव घेऊन पोर हातात देते, आणि शेवटचं पोर उतरलं की मागच्या सीटपर्यंत जाऊन वाकून बघते. नंतर ओम्नी विकली, कर्ज काढून १७ सीटची जुनी स्कूलबस घेतली, पिवळी, पासिंग, परमिट, बॅज सगळं केलं. महिन्याला १४०० केले. सहा पालक सोडून गेले स्वस्त व्हॅनकडे, त्यातले चार पुढच्या जूनला परत आले.

ताई, तुम्ही आधी तक्रार करू नका. आधी ११ घरं एकत्र बसा आणि काकांना बोलवा. गाडी बदलायला दिवाळीपर्यंत वेळ द्या, महिन्याला ४०० वाढवून देतो म्हणा, पण फळी उद्या निघाली पाहिजे आणि मदतनीस सोमवारपासून पाहिजे. सहा पोरं कमी होतील त्यांची दुसरी फेरी करता येते, मी केलीय, अर्धा तास आधी निघायचं. ऐकलं नाही तर मग आरटीओत जा, तेव्हा मी स्वतः तुमच्यासोबत येतो.

दोन_पोरींचा_बाप_धुळे

नाना, बाकी सगळं पटलं पण पांढऱ्या पाटीला दिवाळीपर्यंत वेळ मला पटत नाही. तेवढ्या दिवसांत काही झालं तर कोण जबाबदार? १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली, त्यानंतर सुप्रीम कोर्टाने शाळेच्या गाडीत ड्रायव्हरशिवाय जबाबदार माणूस पाहिजेच असं बजावलं. तेव्हापासून आपण वेळच देतोय.

नाना_चोपडा

भाऊ, तुमचं बरोबर आहे. पण आज व्हॅन बंद केली तर तीच १५ पोरं उद्या काळी-पिवळीत लटकून जातील नाहीतर बापाच्या मोटरसायकलवर चौघं बसतील, आमच्या चोपडा-यावल रस्त्यावर रोज बघतो मी. म्हणून म्हटलं फळी आणि मदतनीस लगेच, गाडीला वेळ.

केळीबाग_यावल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री आमच्या ओट्यावर सात घरं आली, चार आली नाहीत. काकांना बोलवलं. वॉटरबॅग मी जपून ठेवली होती, ती त्यांच्यासमोर ठेवली. काका खूप वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मला त्या दिवसापासून जेवण जात नाही. गॅस पंपावरच भरतात, पावत्या दाखवल्या. ॲपवर बघितलं तर विमा आहे पण फिटनेस संपलेलं होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. फळी काल रात्रीच काढली. ३५० वाढवायचे ठरले. फिटनेस होऊन येईपर्यंत आम्ही सात घरं आळीपाळीने सोडणार, माझ्या वाट्याला मंगळवार आलाय, सासूबाई त्या दिवशी धाकट्याला बघतील. शाळेच्या अर्जावर सात सह्या झाल्यात, बाकी गावच्या पालकांकडे उद्या जातेय. धुळ्याचे दादा, तुमच्या अर्जाचा मजकूर पाठवाल का?

मदतनीस म्हणून त्याच बाईला विचारायचं ठरलंय जिने पत्र्यावर हात मारला होता. शोधून काढलं तिला, शेजारच्या वस्तीवरचीच आहे. केळीच्या कामाला जाते पण सकाळ-दुपारचे दोन तास येईन म्हणाली. लालगाडी काका, तिला काय काय सांगू? ती गाडीतून उतरल्यावर नेमकी कुठे उभी राहील?

लालगाडी_अमळनेर

फार बरं केलं माय. तिला सांगा, सगळ्यात आधी तीच उतरणार आणि सगळ्यात शेवटी तीच चढणार. पोरं उतरताना दरवाजाजवळ. पोर आईच्या हातात गेलं की तिने डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्याच्या दोन पावलं पुढे यायचं, काकांना काचेतून सरळ दिसेल असं. मागच्या चाकाजवळ नको, तिथे ती काचेतून दिसणार नाही. तिथून वाकून चाकाखाली बघायचं, मग हात वर करायचा, आणि तिचा हात वर दिसल्याशिवाय काकांनी गिअरला हात लावायचा नाही. पहिले आठ दिवस तुम्ही फाट्यावर उभं राहून बघा.