कन्नडचे चार पेपर पास, पण मोजायचे कुठं? बी.कॉम. अर्ध्यात सोडून पलीकडं जाताना

रोजमेळ_शहापूर

भाचीची गोष्ट आहे, पण प्रश्न सगळ्यांचा आहे म्हणून इथं मांडतो.

पोरगी खानापूरची, म्हणजे कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातली. २०२४ ला बी.कॉम.ला इथंच घातली, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एका कॉलेजात. चार सेमिस्टर झाली, एकही बॅक नाही. आता भावजींना महाराष्ट्रात एमआयडीसीत काम लागलं, घर हललं, म्हणून तिसरं वर्ष तिकडं करायचं ठरलं. परवा दोघं पलीकडच्या एका कॉलेजात गेलो. नाव घेत नाही, कारकून बिचारा सज्जन होता. त्यानं आमची गुणपत्रकं आणि त्यांच्या विषयांची यादी शेजारी शेजारी ठेवली, पट्टी लावली आणि पेन्सिलीनं एकेक ओळ खाली उतरत गेला. फायनान्शियल अकाउंटिंग, टिक. इंग्रजी, टिक. कॉर्पोरेट अकाउंटिंग, टिक. कन्नड, गोल. कन्नड, गोल. असे चार गोल. बिझनेस लॉवर अर्धा गोल काढून थांबला, मग पुरा केला. "नाव जुळत नाही हो."

मग त्याचा प्रश्न : भारतीय ज्ञान प्रणाली झालंय का? मूल्यशिक्षण? फील्ड प्रोजेक्ट? नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या पेपरांबरोबर हे मागचे पेपर वेगळे भरून काढायचे.

मी दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो, जुळवाजुळव मला नवी नाही. पण करार कायदा १८७२ चा, माल विक्रीचा १९३० चा, भागीदारीचा १९३२ चा. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ही कलमं बदलतात काय? माझं मत सरळ आहे. विद्यापीठानं परीक्षा घेतली, पास केलं, क्रेडिट दिलं. ते पलीकडं जसंच्या तसं धरावं. कन्नड असो नाहीतर आणखी काही, बेरीज जुळली की वर्ष द्यावं. नाहीतर २०२१ पासून ती क्रेडिट बँक, म्हणजे मिळवलेली क्रेडिट्स जमा ठेवायचं खातं, कशाला काढलीय? पैसे खात्यात दिसतात आणि दुकानात चालत नाहीत.

निवृत्त_ताळेबंद

कॉमर्स शिकवण्यात हयात गेली, म्हणून जरा लांब लिहितो. तुमच्याशी असहमत.

तुम्ही जीएसटीवाले, तर तुमच्याच भाषेत. कर्नाटकात भरलेल्या एसजीएसटीचं, म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचं, क्रेडिट महाराष्ट्राच्या एसजीएसटीपोटी वापरता येतं का? नाही. गिऱ्हाईक रडलं तरी तुम्ही त्याला नाहीच सांगता. कन्नडचा पेपर हा एसजीएसटी आहे. त्या राज्यानं त्याच्या कारणासाठी लावला, त्याचा हिशेब त्याच राज्यात. अकाउंटिंग, कॉस्टिंग, कंपनी कायदा हा मात्र आयजीएसटी, राज्याराज्यांतल्या व्यवहाराचा जीएसटी, तो सीमा ओलांडतो. कारकुनानं नेमकं तेच केलं की.

आणि क्रेडिट बँकेचा दाखला तुमच्यावरच उलटतो. २०२१ च्या त्या नियमांतच अट होती की जी संस्था पदवी देणार, तिच्याकडची निदान निम्मी क्रेडिट्स हवीत. तुमच्या भाचीची सहापैकी चार सेमिस्टर इकडं झाली. दोन तृतीयांश माल इकडचा आणि लेबल तिकडचं, असं कोण मान्य करेल?

राहिली बेरीज. माझ्याकडं एक मुलगा थेट तिसऱ्या वर्षाला आला होता, बेरीज जुळवून. रोजकीर्द सुरेख लिहायचा, अक्षर मोत्यासारखं. प्रोसेस कॉस्टिंग आलं आणि नॉर्मल लॉस कुठं, अॅबनॉर्मल लॉस कुठं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण कॉस्टिंगचा पहिला पेपर त्यानं पाहिलाच नव्हता. कुठलातरी दुसराच पेपर त्या जागी बेरजेत धरला होता. दोनदा नापास. मागचे पेपर भरून घेणं ही प्रत्येक वेळी छळवणूक नसते.

सीमावासी५६

सगळ्याचं मूळ १ नोव्हेंबर १९५६, भाषावार राज्यं झाली तो दिवस. तेव्हा योग्य निर्णय झाला असता तर ना कन्नडचा पेपर असता ना ही बदली. महाराष्ट्रानं कर्नाटकात राहिलेल्या आपल्या ८६५ गावांच्या मुलांना वेगळी सवलत दिलीय, ती वापरा.

निपाणीकर

काका, सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, भाचीची फी जुलैत भरायचीय.

आणि ती सवलत म्हणजे सीईटीतून होणाऱ्या प्रवेशांत सीमाभागाचा गट. दहावी किंवा बारावी वादग्रस्त भागातून आणि मातृभाषा मराठी, असा. पेपर जुळवायला त्याचा काही उपयोग नाही. बी.कॉम.ला तर सीईटीच नाही. बीबीएवाल्यांचं वेगळं : तो कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेकडं गेला आणि महाराष्ट्रात त्याला सीईटी आली. इथं बीबीए करून पलीकडं जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी ते विचारून घ्या.

रोजमेळ, तुमची खरी अडचण कन्नड नाही, साल आहे. कर्नाटकानं नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ ला सगळ्यांच्या आधी घातलं आणि २०२४-२५ ला काढून टाकलं. महाराष्ट्राच्या संलग्न कॉलेजांत ते त्याच २०२४-२५ ला आलं. तुमची भाची बरोबर त्या जूनची. इकडच्यांनी अंगरखा उतरवला आणि तिकडच्यांनी चढवला. 

चंदगडची_लेक

मी उलट्या दिशेनं आले. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, पहिलं वर्ष तिकडं, लग्न झालं आणि दुसऱ्या वर्षाला बेळगावात. तेव्हा मला कोणी एसजीएसटी समजावला नाही हो सर, नुसतं "हे चालत नाही" म्हणाले.

भाषेला मराठी घेणार होते. त्या कॉलेजात मराठी घेणारी मी एकटीच निघाले, एकटीसाठी वर्ग होईना. घेतलं कन्नड. सासूबाई तांदूळ निवडत बसायच्या आणि मी समोर पाटी घेऊन. त्या खडा बाजूला काढायच्या, एक अक्षर सांगायच्या. 'ळ' आणि 'ಳ' च्या आवाजात फरक नाही, मग लिहिताना एवढा वळसा का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांना विचार. गणपत गल्लीतल्या पाट्या वाचत वाचत पास झाले, काठावर.

त्याचा मला त्रास नाही. आज सोसायटीच्या काउंटरवर बसते, समोरचा कन्नड बोलला तर घाम फुटत नाही. त्रास आहे तो स्टॅटिस्टिक्सचा. पहिल्या वर्षी साठाच्या वर मार्क, इथं परत बसवलं. मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, तेच तेच. फक्त पेपरचं नाव वेगळं होतं म्हणून. सर, तुमचा आयजीएसटी तिथं कुठं गेला?

निवृत्त_ताळेबंद

तिथं तुमच्यावर अन्यायच झाला. तो तत्त्वाचा दोष नाही, आळसाचा आहे. नाव बघून टिक करायची, आतलं बघायचं नाही.

रोजमेळ_शहापूर

तोच आळस आमच्या बिझनेस लॉला भोवलाय, आणि तुम्ही "कारकुनानं नेमकं तेच केलं" म्हणालात.

अर्धा_सीए

मला एक कळत नाही, दोनच सेमिस्टर राहिलीत तर हलवताय कशाला? इथंच संपवा, एम.कॉम. तिकडं करा. पदवी पूर्ण झाल्यावर मायग्रेशनचा दाखला आणि एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता, बघतात, कुणी पट्टी घेऊन पेपर मोजत बसत नाही. तिला सीए करायचं असेल तर कॉमर्स पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा माफ. विद्यापीठ कुठलं हे तिथं कुणी विचारत नाही. एवढे जादा पेपर अंगावर घेऊन ते ५५ घालवायचे, हा कसला हिशेब?

रोजमेळ_शहापूर

बोलायला सोपं आहे. मुलीला एकटी ठेवायची कुठं?

चंदगडची_लेक

खानापुरात कोणीच नाही?

रोजमेळ_शहापूर

आजी आहे. म्हणजे माझी आई.

अर्धा_सीए

मग राहिलं काय!

रोजमेळ_शहापूर

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पोरगी आजीकडं राहील की आजी पोरीकडं, हा वेगळा धागा होईल. आणि वडील तिकडं, आई तिकडं, म्हणून पोरीनं इथं राहायचं, हे नियमाला सोयीचं पडतं म्हणून आपण घर मोडतोय. घर हललं की शाळेतलं पोर दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत बसतं. कॉलेजातल्या पोरीनंच काय घोडं मारलंय?

निवृत्त_ताळेबंद

शाळा पदवी देत नाही.

रोजमेळ_शहापूर

(चार दिवसांनी)

सांगायला आलोय. निपाणीकरांनी व्यक्तिगत निरोप पाठवून सांगितलं तसं केलं. भूतरामनहट्टीला विद्यापीठात जाऊन चारही सेमिस्टरांच्या अभ्यासक्रमाची प्रत मागितली, शिक्का घेतला. दुपार तिथंच गेली, जेवणाच्या सुट्टीत माकडं बघितली. रात्री घरी बसून मी आणि भाचीनं दोन्हीकडचा बिझनेस लॉ प्रकरणावार समोरासमोर लिहून काढला, खतावणीसारखा, डावीकडं आमचं, उजवीकडं त्यांचं. करार, विक्री, भागीदारी : तिन्ही प्रकरणं दोन्ही बाजूंना. त्यांच्याकडं चेक बाउन्सचं एक जास्तीचं.

तो कागद घेऊन परत गेलो. तिथल्या कॉमर्सच्या मॅडमनी पाच मिनिटं वाचला आणि गोल खोडून टिक केली. म्हणाल्या, चेकचं प्रकरण तिचं तिनं वाचावं. फील्ड प्रोजेक्टबद्दल, इथं तिनं पतसंस्थेत केलेला अहवाल दाखवा, बघू म्हणाल्या. कन्नडचे गोल मात्र तसेच. ज्ञान प्रणाली आणि मूल्यशिक्षण भरायचं ते भरायचंच.

म्हणजे दोन कमी झाले, फार तर. पण हे मी जीएसटीवाला म्हणून करू शकलो. ज्या पोरीचा मामा शेतात आहे तिनं खतावणी कोणाकडून मांडून घ्यायची? जुळणीचा तक्ता दोन्ही विद्यापीठांनी मिळून एकदाच करावा आणि भिंतीवर लावावा. १९६२ चं शिवाजी विद्यापीठ, २०१० चं हे. दोन्हींच्या हद्दी एकमेकींना टेकलेल्या, येणंजाणं रोजचं.

निवृत्त_ताळेबंद

तक्त्याचं मान्य. लॉचंही मान्य, मी न वाचता बोललो. कन्नडचं नाही.

रोजमेळ_शहापूर

कन्नडचं मीही सोडलेलं नाही. तिनं चार वेळा परीक्षा दिलीय.

निपाणीकर

ते भांडण नंतर करा. अभ्यासक्रमावर शिक्का प्रत्येक पानावर घेतलात की फक्त पहिल्या?

रोजमेळ_शहापूर

पहिल्या. का?

निपाणीकर

मॅडमनी मानलं, ठीक. पण एलिजिबिलिटीला फाइल वर गेली की पानापानावर शिक्का मागतात. माझ्या पुतण्याची परत आली होती. उद्याच जा, परवा दुसरा शनिवार आहे.

रोजमेळ_शहापूर

परत माकडं.