मदत हवी आहे: आईचं घर आणि भावाचं राहणं

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, सोलापुरात साखर पेठेतल्या जुन्या घरात एकटी. मी पुण्यात. धाकटा भाऊ तिथेच जुळे सोलापुरात, दोन खोल्यांत चौघं. आईला पुण्याला आणलं की आठवड्यात कोमेजते. शेजारणी, सिद्धेश्वराचं दर्शन, स्वतःची चूल सोडवत नाही तिला. गेल्या महिन्यात रात्री न्हाणीघरात पडली, सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही.

भाऊ तिच्याकडे राहायला तयार आहे, पण घर नावावर मागतोय. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट असेल आणि ती मोडली, तर ते रद्द करून घेता येतं. अशी अट कुणी घातली आहे का? शब्द काय लिहिले? आणि भावाला न दुखावता हा विषय काढलात कसा?