मदत हवी आहे : माळकरी आईला 'हे येतं कुठून' याचं उत्तर कसं देऊ?

धाकट्या भावाने (वय २६) दिवाळीत घरी सांगितलं की तो समलैंगिक आहे. आई साठीची, माळकरी. "माझ्याच सेवेत काही चुकलं," एवढंच म्हणते. मधुमेह असून तेव्हापासून एकादशी निर्जळी करते. गेल्या वेळी चक्कर येऊन देवघरातच बसली.

समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगून पाहिला. "कायदा माणसांचा," म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये हे आजारांच्या यादीतून काढलं, ते पटलं. पण लगेच प्रश्न : "मग येतं कुठून?" २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, समलैंगिकता ठरवणारं असं एकच जनुक सापडलं नाही, अनेकांचा थोडाथोडा वाटा दिसला. त्यावर तिचं उत्तर, "म्हणजे नक्की नाही. मग बदलेल."

कृपया 'बदलण्याचे उपचार' सुचवू नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते गैरवर्तन ठरवलंय. आईची भक्ती सोडवायचीही नाही, तोच तिचा आधार आहे. तिला फक्त मराठी वाचता येतं.

कारण पूर्ण उलगडलेलं नसलं तरी यात आईचा दोष नाही आणि हे बदलता येत नाही, हे तुमच्यापैकी कुणी वारकरी आईवडिलांना समजावलंय का? नेमकं काय बोललात?